मेट्रो, मोटार आणि स्थिर खर्च

हरियाणातील फरीदाबाद हे मथुरा रस्त्याच्या कडेने लांबट वाढलेले औद्योगिक शहर आहे. दिल्लीची मेट्रो जानेवारी २०११ मध्ये त्याच्या वेशीवरील बदरपूरला आली. सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे १४ किलोमीटरचा, ९ स्थानकांचा मार्ग एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत खुला झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मेट्रो बल्लभगडला पोहोचली.

अशा प्रकल्पात मार्ग, स्थानके व डबे यांवरील खर्च स्थिर असतो. गाडी रिकामी धावली तरी तो टळत नाही; प्रवासी वाढले की मात्र दरडोई खर्च उतरतो.

मोटारीचेही तसेच आहे. कर्जाचा हप्ता, विमा व घसारा हे गाडी उभी असतानाही चालूच राहतात. म्हणून एकदा मोटार घेतली की प्रत्येक फेरीस आपण केवळ पेट्रोल मोजतो आणि मेट्रोचे तिकीट महाग भासते.

फरीदाबादेत मेट्रो मथुरा रस्त्याने धावते, तर नव्या वसाहती आग्रा कालव्यापलीकडे 'नहरपार' भागात उभ्या राहिल्या. मध्ये लोहमार्ग आणि कालवा आहे. स्थानकापर्यंत नेणारी वेळेवरची बस नसेल, तर कुटुंब मोटार घेते आणि मेट्रो तो प्रवासी दीर्घकाळ गमावते. तात्पर्य, पूरक बससेवा हा मेट्रोच्या गुंतवणुकीचाच भाग मानला पाहिजे.

ग्राहकांनीही वाहनकर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी हप्ता, विमा, इंधन व देखभाल यांची मासिक बेरीज मांडावी आणि मेट्रो व रिक्षाच्या खर्चाशी ताडून पाहावी. निर्णय त्यानंतरच घ्यावा.