क्ष-किरण चित्र, संगणक आणि गाळलेली रेषा

नवजात बालकाच्या फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर छातीच्या क्ष-किरण चित्रात कधी कधी केसाएवढ्या बारीक रेषेवरूनच ती ओळखावी लागते. आज असे चित्र बहुधा अंकांच्या रूपात साठवले जाते व तालुक्याच्या गावाहून शहरातील तज्ज्ञाकडे काही क्षणांत पोहोचते. वाटेत मात्र ते पुष्कळदा लहान केले जाते. मी बालरोगतज्ज्ञ आहे, संगणकशास्त्रज्ञ नव्हे. तथापि लहान करण्याची ही क्रिया प्रत्येक डॉक्टरने समजून घेणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

छायाचित्रांसाठी रूढ असलेले ‘जेपीईजी’ हे मानक १९९२ सालचे. त्याच्या मुळाशी असलेले गणित बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील ६४ अंकांचे ठळक व सूक्ष्म चढउतारांत रूपांतर करायचे, आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे सूक्ष्म चढउतार गाळायचे, अशी ही रीत. लग्नाच्या छायाचित्रात याने काही बिघडत नाही. परंतु आपली बारीक रेषा नेमकी त्या सूक्ष्म चढउतारांतच असते, आणि एकदा गाळलेले पुन्हा मिळत नाही.

आपण जसे मलम स्वतः खलत न बसता तयार मलम लिहून देतो, तसा प्रोग्रामरही हे गणित नव्याने न लिहिता तयार ‘लायब्ररी’ वापरतो. इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुप या गटाची ‘लिबजेपीईजी’ १९९१ साली विनामूल्य उपलब्ध झाली. तिची १९९८ ची आवृत्ती जगभर रुजली.

वैद्यकाच्या दृष्टीने तिच्यात दोन उणिवा होत्या. साध्या छायाचित्राला ८ बिट, म्हणजे करड्या रंगाच्या २५६ छटा पुरतात; क्ष-किरण वा सीटी चित्राला १२ बिट, म्हणजे ४,०९६ छटा, किंवा त्याहूनही अधिक लागतात. ही संख्या लायब्ररी तयार करतानाच ठरवावी लागे, मागाहून बदलता येत नसे. दुसरी उणीव अशी की, काहीही न गाळता चित्र लहान करण्याची सोय तिच्यात नव्हती. म्हणूनच वैद्यकीय चित्रांच्या ‘डायकॉम’ मानकासाठी जर्मनीत विकसित झालेल्या ‘डीसीएमटीके’ या संचात ८, १२ व १६ बिटांसाठी या लायब्ररीची तीन सुधारित रूपे बाळगावी लागली. एकच दोष तीन ठिकाणी दुरुस्त करणे किती जिकिरीचे, हे सांगावयास नको.

२०१० साली ‘लिबजेपीईजी-टर्बो’ ही नवी शाखा निघाली. प्रोसेसरच्या एकाच आज्ञेत अनेक अंकांवर क्रिया करून तिने जुन्या लायब्ररीच्या दुप्पट ते सहापट वेग साधला. २०२३ मधील तिच्या ३.० या आवृत्तीत खरी पुनर्रचना झाली. ८, १२ व १६ बिटांची चित्रे एकाच लायब्ररीत हाताळता येऊ लागली. हानिरहित पद्धतही आली. तीत शेजारच्या बिंदूंवरून प्रत्येक बिंदूचा अंदाज बांधून फक्त फरक नोंदवला जातो, त्यामुळे मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. विशेष म्हणजे ८ बिटांच्या जुन्या आज्ञांची नावे तशीच ठेवून इतरांसाठी नव्या आज्ञा जोडल्या गेल्या, जेणेकरून जुने प्रोग्राम अडू नयेत. चालू संसार न मोडता घर दुरुस्त करण्याचा हा उत्तम नमुना होय.

यातून आपण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, केवळ ‘जेपीईजी’ या नावावरून चित्रातून काही गाळले आहे की नाही हे कळत नाही. यंत्रणा विकत घेताना हानिरहित साठवणुकीविषयी स्पष्ट विचारावे. दुसरी, मोबाईलवर आलेले चित्र तातडीच्या सल्ल्यापुरते उपयोगी मानावे. ‘रेषा दिसत नाही’ हा निष्कर्ष मूळ डायकॉम चित्र पाहूनच काढावा. तिसरी, मूळ प्रत जपावी आणि रुग्णाच्या पालकांनीही चित्राची सीडी अवश्य मागून घ्यावी.

हानिरहित चित्राला जागा अधिक लागते, हे खरे. परंतु साठवणुकीची जागा विकत घेता येते. गाळलेली रेषा कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.