परातीतला कांदा आणि बंड्या

१. ओरडण्याआधी उरलेला कांदा मोजा. खेकडा भज्यांसाठी चार कांदे उभे चिरून परात ओट्याखाली ठेवली होती. मी बेसन काढायला वळले आणि आमच्या कुत्र्याने, बंड्याने, डाव साधला. फोनवर डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या: वजन किती, खाल्लं किती, कधी खाल्लं? वजन बारा किलो. "दोन कांदे तरी गेले गं," सासूबाई परातीत हात घालून म्हणाल्या. म्हणजे दीडशे ग्रॅम. कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधेची भीती असते. बंड्याच्या हिशेबाने ते साठ ग्रॅम, एक बऱ्यापैकी कांदा!

२. मिठाचं पाणी पाजू नका. सासूबाईंनी पेला ढवळायलाच घेतला होता. एवढं मीठ कुत्र्याला वेगळंच विष होतं. ओकारी काढायचीच तर ती दवाखान्यात, आणि तीही लवकर, साधारण दोन तासांच्या आत. आम्ही तसेच पिठाच्या हातांनी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने कुत्रा बघून आधी नाही म्हटलं, मग कांद्याचं ऐकून म्हणाला, "बसा. आमचा तर रोज रस्साभाकरी खातो."

३. तो रस्साही कुत्र्याने खायला नको. शिजवल्याने, तळल्याने कांद्याचं विष जात नाही. लसूण त्याच कुळातली. कांदा-लसूण मसाला तर वाळवलेला, म्हणजे चमच्यात जास्तच भरतो.

४. दुसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. मला हेच सगळ्यात अवघड गेलं. कांद्यातली गंधकाची द्रव्यं रक्तातल्या तांबड्या पेशी खिळखिळ्या करतात, पण त्या फुटायला दिवस लागतात. खरी परीक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप, सुस्ती, कोऱ्या चहासारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तरी तडक दवाखाना. बंड्याच्या हिरड्या मुळात अर्ध्या काळ्या, त्यामुळे गुलाबी भाग शोधावा लागायचा. तो डाव्या सुळ्याच्या वर सापडला. पाचव्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं उतरलं होतं, रक्त चढवायची वेळ मात्र आली नाही.

५. परात आता फ्रिजवर असते. भजी तळताना बंड्या उंबऱ्यावर बसतो, आणि सासूबाई कांद्याने पाणावलेले डोळे पुसत, सवयीने, त्याचा डावा ओठ उचलून बघतात.