आपल्या विषयातच एआयची मदत घ्या

नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत आलं, पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांतही आलं. मेजर-मायनरच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याचे पेपर अशी क्रेडिटांची नवी मांडणी झाली. पेपर आधी आले, पुस्तकं मागून. कार्यभार बसवताना ज्याचे तास कमी पडतात त्याच्याकडे नवा पेपर जातो, मग तो त्याच्या विषयातला असो वा नसो. अशा वेळी प्राध्यापक चॅटजीपीटी किंवा जेमिनाय उघडतो आणि म्हणतो, या घटकावर चार तासांची टिपणं दे. हे मी आजूबाजूला रोज पाहतो आणि त्यामागची अडचण खरी आहे हेही जाणतो. तरीही माझं म्हणणं असं की आपण ही साधनं नेमक्या उलट्या ठिकाणी वापरतो आहोत. जो विषय आपल्याला येत नाही तिथे त्यांचा मोह सर्वांत जास्त होतो, आणि फसगतही तिथेच होते. वर्षानुवर्षं शिकवलेल्या पेपरसाठी मात्र त्यांची आठवणसुद्धा होत नाही, जिथे त्यांच्याकडून खरोखर काम करून घेता आलं असतं.

याचं कारण साधनाच्या घडणीत आहे. ही यंत्रं अफाट मजकुरावरून शिकतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढे काय येण्याचा संभव जास्त, हे ठरवत वाक्य पुरं करतात. त्यामुळे खरी माहिती आणि रचलेली माहिती एकाच सफाईने समोर येते. विद्यार्थ्याला उत्तर येत नसेल तर उत्तरपत्रिकेत ते लगेच कळतं. वाक्यं अडखळतात, तोच मुद्दा फिरून येतो, नुसती पानं भरलेली असतात. तपासताना आपण निम्मी पारख या खुणांवरूनच करतो. यंत्राच्या मजकुरात त्या खुणाच नसतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ‘माता विरुद्ध एव्हिआन्का’ या खटल्यात वकिलांनी सादर केलेले काही जुने निवाडे अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. ते चॅटजीपीटीने दिले होते, आणि हे निवाडे खरे आहेत का, असं विचारल्यावर त्यानेच ‘खरे आहेत’ म्हणून ग्वाही दिली होती. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला. ही गोष्ट सांगताना वकिलाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं जातं. मला त्यातला दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. हे निवाडे शोधणारा वकील नवखा नव्हता, त्याच्या गाठीशी तीस वर्षांचा अनुभव होता. पण तो राज्याच्या न्यायालयांतला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या कराराचा आणि संघीय न्यायालयाचा प्रांत त्याच्या ओळखीचा नव्हता. नेहमीच्या प्रांतात तोच माणूस अनोळखी निवाड्याचं नाव वाचून थबकला असता.

त्याच वर्षी हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग केला. साधनाच्या आवाक्यातल्या कामांत ते वापरणाऱ्यांचा वेग आणि दर्जा दोन्ही वाढले. मुद्दाम आवाक्याबाहेर ठेवलेल्या कामात मात्र, बरोबर उत्तर देण्यात, ते न वापरणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांच्या फरकाने मागे पडले. इथली मर्यादा यंत्राची आहे, माणसाच्या ज्ञानाची नव्हे, हे मला मान्य आहे. पण आपण त्या मर्यादेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे यंत्र सांगत नाही. ते ओळखायला विषयाची जाणच लागते.

माझ्या विषयातलं, म्हणजे इतिहासातलं, उदाहरण घेतो. १८७५ चे दख्खनचे दंगे बी.ए.च्या अभ्यासक्रमात नेहमीचे. त्यांवर टिपण मागितलं की यंत्र साधारण ठरलेली साखळी देतं: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला आलेली तेजी, मग भाव कोसळणं, वाढलेला शेतसारा, सावकारी पाश, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात झालेला उठाव, कर्जरोख्यांची होळी आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. यात चुकीचं फारसं काही नाही. पण सुपे दोन आहेत. एक आजच्या बारामती तालुक्यातलं, दुसरं पारनेर तालुक्यातलं, आणि दंग्यांची झळ नगर जिल्ह्यालाही बसली होती. टिपणात या दोन गावांची सरमिसळ झाली तर इथला इतिहास शिकवणाऱ्याच्या ते एका वाचनात लक्षात येईल, कार्यभारापायी हा पेपर घेतलेल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाच्या येणार नाही. गावाची चूक तरी नकाशा उघडून दुरुस्त होते. जे टिपणात आलेलंच नाही त्याचं काय करायचं? नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये लेख लिहून या दंग्यांना दिलं जाणारं महत्त्वच वादात आणलं. ज्या तालुक्यांत दंगे झाले तिथे कापूस मुळात किती पिकत होता, हा प्रश्न विचारला की साखळीचा पहिलाच दुवा तपासावा लागतो. हा वाद ज्याला माहीत आहे तो यंत्राला थेट त्यावरच बोलतं करतो आणि मग त्याच्याकडून कामाचा मजकूर मिळतो. ज्याला माहीत नाही त्याला रूढ मांडणीच इतिहास वाटते आणि तीच वर्गात जाते.

यावर लगेच विचारलं जाईल की ज्याला विषय येतो त्याने यंत्राकडे जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. विषय येणं आणि तो समोरच्याला साजेशा रूपात मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात वेळ जातो. ओपन इलेक्टिव्हच्या वर्गात दुसऱ्या विद्याशाखेची मुलं असतात. तेव्हा टिपण मागू नये, आपलं टिपण द्यावं आणि सांगावं: ‘हे वाचणारा वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. त्याने इतिहास दहावीनंतर वाचलेला नाही. या मजकुरात तो कुठे अडेल ते त्याच्या तोंडून प्रश्न विचारून दाखव. उत्तरं देऊ नकोस.’ शेतसारा कोण ठरवत असे, सावकाराच्या वहीला कोर्टात पुरावा का मानत, असले प्रश्न येतात. सरावलेल्या शिक्षकाला ते सुचत नाहीत, कारण त्याला ते कधीच पडलेले नसतात. बहुपर्यायी प्रश्नांचंही तसंच. बरोबर उत्तर आपल्याला ठाऊकच असतं, डोकं शिणतं ते फसवे पण पटण्याजोगे तीन पर्याय रचताना. प्रत्येक प्रश्नाला दहा पर्याय मागावेत आणि जाणत्या हाताने सात काढून टाकावेत. नॅकचे अहवाल, आयक्यूएसीच्या बैठकांची इतिवृत्तं, परिसंवादाचं निमंत्रण ही कामं तर निर्धास्त द्यावीत, कारण घडलं काय हे आपल्याच वहीत असतं आणि यंत्राने एक नाव जरी जास्तीचं घातलं तरी ते खटकतं. मराठीतून मजकूर मागितल्यास मात्र तो मोठ्याने वाचून पाहावा. वाक्यं पुष्कळदा इंग्रजीच्या वळणाने जातात, आणि मुलं तीच वळणं परीक्षेत उतरवतात.

दुसरा आक्षेप असा की आता ही साधनं इंटरनेट धुंडाळून उत्तराखाली दुवे देतात, मग जुनी भीती कशाला? दुवा असणं आणि दुव्यामागच्या लेखात ते विधान असणं यांत अंतर आहे. डीओआय क्रमांक टाकून लेख उघडतो का ते पाहावं, उघडला तर ते विधान त्यात आहे का ते पाहावं, आणि असलं तर लेखकाचं स्वतःचं की खोडून काढण्यासाठी मांडलेलं, हेही पाहावं. ही तिसरी तपासणी विषय जाणणाऱ्यालाच करता येते. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी इथे विशेष दक्ष राहायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांमुळे साम्य १० टक्क्यांच्या आत आहे ना, एवढ्यावर आपलं लक्ष खिळलेलं असतं. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर खरेखोटेपणा मोजत नाही. रचलेल्या विधानाशी जुळणारं जगात काहीच नसल्यामुळे ते त्या चाळणीतून सहज पार होतं.

सर्वांत अवघड आक्षेप तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा आहे. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावी, मानधन तासावर, आणि वाट्याला नको तो पेपर. ‘आपल्याच विषयात वापरा’ हा सल्ला त्यांना मानवणारा नाही आणि तो नुसता ऐकवणं अन्यायाचं होईल. त्यांच्यासाठी एवढंच सांगेन की यंत्राकडून माहिती न घेता वाट विचारावी: या घटकात वाद कोणते आहेत, कोणत्या संज्ञा पक्क्या असायला हव्यात, शोधगंगेवर प्रबंध शोधायचे तर कोणते शब्द घालावेत. मग एखाद्या चांगल्या प्रबंधाचं एक प्रकरण स्वतः वाचावं. चार तासांच्या तयारीला ते पुरतं, आणि उगम आपल्या डोळ्यांखालचा असतो. विभागप्रमुखांनीही यंत्राच्या मदतीने केलेली प्रश्नपेढी तो विषय येणाऱ्या सहकाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय परीक्षेला लावू नये.

विद्यार्थ्यांच्या लेखनाबाबतही कसोटी हीच. मजकूर यंत्राचा आहे का हे दुसऱ्या यंत्राला विचारून ठरवणं बंद करावं. ओपनएआयने स्वतःचं असं साधन पुरेसं अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक टोफेल निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून आलेली आणि जपून, साध्या इंग्रजीत लिहिणारी आपली मुलं नेमकी याच गटातली आहेत. त्यांचे प्रकल्प नाव-हजेरी क्रमांकासह अशा संकेतस्थळांवर चढवणं तर सर्वथा गैर आहे. ती माहिती आपली नव्हे, मुलांची आहे. प्राध्यापकाला आपल्या विषयातल्या प्रकल्पावर मुलाशी दहा मिनिटं बोललं की पुरेसं कळतं. १२० जणांच्या वर्गात प्रत्येकाला दहा मिनिटं देता येत नाहीत, हे खरं. म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी पंधरा जणांना बोलवावं, अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण त्या बोलण्याला ठेवावेत, आणि हे सत्राच्या पहिल्याच तासाला वर्गात जाहीर करावं.