पायाच्या चिखल्या

आषाढ-श्रावणात जिंतूरच्या शिवारात पाऊस लागतो. आपली जमीन काळी. ती पाणी धरून ठेवते. पाऊस उघडला तरी रानातला चिखल लवकर वाळत नाही. कापसात, सोयाबीनमध्ये खुरपणी चालू असते. दिवसभर आपले पाय ओले राहतात.

काही दिवसांनी बोटांच्या बेचक्या खाजू लागतात. बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये आधी खाज येते. कातडी पांढरी आणि मऊ पडते. मग ती सुटते, भेग पडते. पायाची आग होते. यालाच आपण चिखल्या म्हणतो.

"चिखलात राबलं की चिखल्या व्हायच्याच. त्यात काय एवढं?" असं आपण म्हणतो. पण खरं कारण चिखल नव्हे. खरं कारण आहे ओल.

पावसाळ्यात भाकरी ओलसर राहिली तर तिच्यावर बुरशी येते. कडक वाळवलेल्या भाकरीवर येत नाही. पायाचंही तसंच आहे. चिखल्यांची बुरशी फार बारीक असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर ती जगते. तिला ऊब आणि ओल लागते. बोटांच्या बेचकीत तिला दोन्ही मिळतं. म्हणून चिखलात न जाणाऱ्या माणसालाही ओल्या बुटामोज्यांमुळे चिखल्या होतात.

चिखल तर टाळता येत नाही. पण ओल टाळता येते. त्यासाठी एवढं करावं :

१. रानातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत. बेचक्या बोट घालून धुवाव्यात.

२. धुतल्यावर पाय पुसावेत. हे आपण नेहमी विसरतो. जुन्या धोतराची नाहीतर लुगड्याची मऊ चिंधी घ्यावी आणि एकेक बेचकी कोरडी करावी. बायकांनी जोडव्यांखालची जागाही पुसावी. तिथे पाणी साचून राहतं.

३. प्रत्येकाची चिंधी वेगळी असावी. ती रोज धुवून उन्हात वाळवावी.

४. ओली चप्पल, ओले बूट तसेच पुन्हा घालू नयेत. ते वाळवावेत. जमलं तर दोन जोड ठेवावेत. मोजे सुती असावेत आणि रोज धुतलेले असावेत.

५. दुसऱ्याची चप्पल, मोजे किंवा टॉवेल वापरू नये. बुरशी त्यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

चिखल्या झाल्याच तर अंगावर काढू नयेत. भेग म्हणजे उघडं दार. त्या दाराने दुसरे जंतू आत शिरतात. मग पाय सुजतो, लाल होतो, ताप येतो. जांघेत अवधाण येतं. अशा वेळी लगेच दवाखाना गाठावा. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. जखम झालेली कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. कधी कधी पाय कापण्याची पाळी येते. अशा माणसाचे पाय घरातल्या कोणीतरी रोज पाहावेत.

भेगेत बिब्बा किंवा रॉकेल घालू नये. त्याने कातडी भाजते. दुकानातून मनानेच मलम आणू नये. काही मलमांत स्टेरॉइड असतं. ते लावलं की खाज लवकर थांबते. आपल्याला वाटतं, बरं झालं. पण बुरशी आतल्या आत पसरत जाते आणि पुढे औषधाला दाद देत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवावा आणि तिथलं मलम लावावं. क्लोट्रिमॅझोल हे असं एक बुरशीचं मलम आहे. खाज थांबली तरी ते मध्येच सोडू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावं. बहुधा २ ते ४ आठवडे लागतात.

खुरपणीच्या दिवसांत पाय दुखला तर मजुरी बुडते. चिंधीने पाय पुसायला मात्र पैसा लागत नाही. ज्वारी आपण उन्हात वाळवूनच कणगीत भरतो. तसेच पाय कोरडे करूनच अंथरुणात जावं.

सांगा पाहू :

१. चिखल्यांचं खरं कारण कोणतं?
२. पाय धुतल्यावर काय करायला आपण विसरतो?
३. खाज थांबली तरी मलम का सोडू नये?