रक्तातील सूक्ष्म गुठळ्या : कारण शोधावे, मग उपचार करावा

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने एकाकी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवान बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचावर निजवले. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या आम्हांस ही कथा परिचित आहे. त्या सेवाभावास ज्ञानाची जोड मिळावी, हा या पाठाचा हेतू.

काही आजारांत अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्यांत बिंबिका (प्लेटलेट) खर्ची पडतात, तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंड, मेंदू व हृदय यांचा रक्तपुरवठा खुंटतो. फिकट चेहरा, त्वचेवर लाल-जांभळे ठिपके, अल्प लघवी, सूज, झटके ही त्याची बाह्य लक्षणे होत. बिंबिका घटल्या की आपल्याकडे प्रथम डेंग्यू आठवतो. परंतु सोबत हिमोग्लोबिनही घटत असेल, तर रक्ताचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे. त्यात तांबड्या पेशींचे तुकडे आढळले, एलडीएच वाढलेले असले आणि कूम्ब्ज चाचणी नकारात्मक आली, तर निदानाची दिशा स्पष्ट होते.

लक्षणे सारखी असली तरी कारणे भिन्न असतात. न्यूयॉर्कच्या डॉ. मॉशकोविट्झ यांनी १९२४ साली एका १६ वर्षांच्या मुलीच्या आजाराचे वर्णन केले. तोच आज टीटीपी म्हणून ओळखला जातो. त्यात ॲडॅम्टीएस १३ या विकराची तीव्र कमतरता असते. उपचाराविना बहुतेक रुग्ण दगावतात. रक्तद्रव (प्लाझ्मा) बदलल्याने बहुतेक वाचतात. विकराच्या तपासणीसाठी रक्त आधी घ्यावे, मात्र अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. जिवावर बेतणारा रक्तस्राव नसल्यास बिंबिका चढवणे टाळतात.

शिगा विष निर्माण करणारे जंतू दूषित अन्नपाण्यातून शिरतात व रक्तमिश्रित जुलाबांनंतर काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी करू शकतात. तेथे द्रवांचा समतोल आणि गरजेनुसार डायलिसिस हाच मुख्य आधार. भारतीय शाळकरी मुलांत ‘फॅक्टर एच’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे हेही महत्त्वाचे कारण आहे. त्यावर रक्तद्रव बदलणे आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे हा उपचार होय.

म्हणून जुलाबातून उठलेले मूल फिकट दिसले, त्याची लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी त्यास मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नये. बदलून दिला जाणारा रक्तद्रव अनेक अनोळखी दात्यांचा असतो, हेही आम्ही विसरू नये. दुःखाचे कारण जाणणे आणि दान करणे, हे दोन्ही धडे आम्हांस धम्मानेच दिले आहेत.