हवा बघू नका, पाणी बघा
मिनेसोटात एप्रिल उजाडला की डुलुथच्या आसपासचे आम्ही गरवणारे लोक नद्यांकडे डोळे लावून बसतो. सुपीरिअर सरोवरात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत चढणारा रेनबो ट्राउट म्हणजे स्टीलहेड. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा, 19व्या शतकाच्या अखेरीस इथे आणून सोडलेला. पाणी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की लेस्टर, सकर, नाईफ या नद्यांमध्ये तो शिरू लागतो. नेमका याच सुमारास एखादा दिवस असा उगवतो, की हवा 15 अंश, ऊन लख्ख, अंगावर स्वेटरसुद्धा नकोसा होतो. धोक्याचा दिवस हाच. कपडे हवेकडे बघून घातले जातात आणि पाय मात्र कालपर्यंत बर्फ असलेल्या पाण्यात पडतो.

चिपळूणहून आलेल्या माझ्या मावसभावाला मी असंच पडताना पाहिलं. वाशिष्ठीत पोहून वाढलेला गडी. नाईफ नदीत मांडीभर पाण्यात उभा होता, पायाखालचा दगड फिरला आणि तो आडवा झाला. डोकं वर आलं तेव्हा ओरडण्याइतकाही दम त्याच्यात नव्हता, नुसती धाप. काठ हाकेवर, पण एक हात धड मारता येईना. खालच्या अंगाला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गरवणाऱ्याने आपली काठी पुढे केली, मी पाठीमागून पट्टा धरला आणि आम्ही त्याला बाहेर ओढला. काठावर बसल्यावर, “दादा, मला पोहताच येईना रे,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

येणारच नव्हतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्यांसाठी 1-10-1 असा हिशेब मांडला आहे. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला जवळपास 1 तास. म्हणजे लोक समजतात तसा गारठा आधी मारत नाही. पहिल्याच धापेत पाणी नाकातोंडात जातं, मग बोटं मिटेनाशी होतात. म्हणून पडलात तर आधी धडपड थांबवा. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, श्वास सावरला की तिरके काठाकडे सरका. ओढीच्या पाण्यात मध्येच उभं राहू नका. पाय दगडांत अडकला तर पाणी तुम्हाला वाकवून खाली दाबतं.

वेडरमध्ये, म्हणजे पाण्यात उभं राहण्यासाठी घालायच्या जलरोधक विजारीत, पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो, असं हमखास ऐकाल. खरं नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. भरलेला वेडर जड होतो तो बाहेर पडताना. तरीही कमरेचा पट्टा घट्ट आवळायलाच हवा, त्याने पाणी आत झपाट्याने शिरत नाही. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. आत लोकरीचं घाला. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड गाडीत हवा आणि गाडीची किल्ली पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. ओली किल्ली दार उघडेनाशी झाली तर तो कोरडा जोड काचेतून बघत बसावं लागेल.

या नद्यांखाली खडक, वर मातीचा पातळ थर. वितळलेलं बर्फ मुरत नाही, सरळ वाहतं. सकाळी गुडघ्याएवढं असलेलं पाणी उबदार दिवशी संध्याकाळपर्यंत मांड्यांच्या वर चढलेलं असतं. आल्या आल्या काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा. तो बुडू लागला की पलीकडे असाल तर लगेच अलीकडे या. काठाचं बर्फ भक्कम दिसतं, पण खालचं पाणी उतरल्यामुळे ते पोकळ झालेलं असतं. बुटांना फेल्टचे तळ असतील तर त्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, चालणं म्हणजे कसरत.

आणि मुळात इतकं आत शिरायचं कशाला? गार पाण्यात मासा ताकद राखून असतो. वेगवान धारेच्या कडेला, डोहाच्या तळाशी, मंद पाण्यात तो पडून राहतो, पुष्कळदा काठापासून काठीभर अंतरावर. दुपारी पाणी अंशभर तापलं की जरा हलतो. आमिष तळालगत, पाण्याच्याच चालीने जाऊ द्या. आत घुसणारा मासे उठवतो आणि अंडी घातलेली खडी तुडवतो.

कुणी भिजलाच तर ओले कपडे उतरवून त्याला आडवा करा, पांघरूण घाला. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात नको. शुद्धीवर असेल तर गोड, कोमट चहा द्या.

मासा लागला तर पाठीवर शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर बघा. तो शाबूत असेल तर मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे स्टीलहेड लगेच सोडायचा. फोटोसाठी उचलू नका, शून्याखालच्या हवेत कल्ले गोठतात. जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढा, आणि तोही उघड्या ओल्या हातांनी, कारण लोकरी हातमोज्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी जॅकेटच्या आतल्या खिशात असू द्या.