भंगारांत गेलेला कोबाल्ट

मोडकी वस्तु भंगारवाल्यास विकली म्हणजे ती संपली, अशी आपली समजूत असते. लोखंडी पलंगाविषयीं ती खरी असेल. पण कांहीं वस्तु विकल्यानें संपत नाहींत. त्यांपैकीं एकीची हकीकत आम्ही येथें देतों.

दिल्ली विद्यापीठानें १९६८ सालीं प्रयोगांसाठीं कॅनडांतून एक यंत्र आणविलें होतें. त्याच्या पोटांत शिशाच्या जाड आवरणाआड कोबाल्ट-६० होता. त्यांतून सतत गॅमा किरण निघतात; ते डोळ्यांस दिसत नाहींत, त्यांस वासहि नसतो. १९८५ नंतर यंत्र पडूनच राहिलें, आणि २०१० च्या फेब्रुवारींत लिलांवांत भंगार म्हणून विकलें गेलें. मायापुरीच्या भंगारबाजारांत मजुरांनीं तें फोडलें. शिशास भाव चांगला येतो. आंत काय आहे हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें, तेव्हां त्यांचा दोष तो काय? एप्रिलपर्यंत कित्येक जण आजारी पडले व एक कामगार दगावला.

येथें वरच्या वर्गांतील मुलांनीं थोडें गणित करावें. या कोबाल्टाचें तेज सुमारें सव्वापांच वर्षांत निम्में होतें. बेचाळीस वर्षांत तें आठ वेळां निम्में झालें. म्हणजे मूळ तेजाचा सुमारें २५६ वा भाग उरला. जीव घेण्यास तेवढाहि पुरला! ‘जुनें झालें, आतां त्याचें काय भय’ असें म्हणणाऱ्यांनीं हा भागाकार एकदां करून पाहावा.

पुढें अणुशक्तिखात्याच्या तज्ज्ञांनीं मापकयंत्रांनीं ते तुकडे हुडकून नरोरा येथील अणुवीजकेंद्रांत नेले. खरें पाहतां अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवांचून असा पदार्थ विकतांच येत नाहीं; काम संपल्यावर तो पुरवठादाराकडे किंवा नेमलेल्या कोठारांत परत धाडावयाचा असतो.

अणुभट्टीच्या जळणांतून निघणारा अति तीव्र कचरा वितळलेल्या कांचेंत मिसळून थिजवितात. आपल्या तारापूर व तुर्भे येथें हें काम चालतें. तुर्भे येथें त्याच कचऱ्यांतून सीझियम काढून त्याच्या कांचकांड्या करतात, व रोग्यास द्यावयाच्या रक्तावर त्यांचे किरण सोडतात.

ज्या पालकांचा जुन्या लोखंडाचा धंदा आहे त्यांस एक खूण सांगतों. मध्यें ठिपका व भोंवतीं पंख्यासारखीं तीन पातीं असें चिन्ह मालावर दिसलें, अथवा लहानसा डबा आकाराच्या मानानें फारच जड लागला, तर तो फोडूं नये; माणसें दूर करून पोलिसांस कळवावें.